दगडाशी बोललेलं

"पाटीत बोंबील नको," हाशा तांडेल म्हणाला. "बोंबील खालच्या पाड्याचा. पापलेट ठेवा."

"म्हणजे आम्ही नुसतं बघायचं?" खालच्या पाड्याचे सभासद म्हणाले.

"असं करा, वर फडकं टाका," नगराध्यक्षांनी तोड काढली. "आत काय आहे ते ज्याचं त्यानं समजावं."

हा निर्णय एकमताने झाला. मी लगेच लिहून घेतला, कारण करंगूळ नगरपालिकेच्या पुतळा समितीत तीन महिन्यांत एकमत झालेली ती पहिलीच गोष्ट होती.

करंगूळ हे आमचं बेट. पलीकडच्या किनाऱ्यापासून लाँचने पाऊण तास. वस्ती सात हजार. कोळ्यांचे तीन पाडे, वरचा, मधला आणि खालचा. बाकी बाजारपेठ, दोन शाळा आणि आम्ही सरकारी माणसं. बेटाची ओळख सांगणारं एक शिल्प धक्क्यावर उभं करावं, असं वरून मंजूर होऊन आलं होतं. बेटाची ओळख म्हणजे कोळीण, इथपर्यंत सगळे दहा मिनिटांत आले. पुढचे तीन महिने गेले ते कुठली कोळीण, यात. लुगडं वरच्या पाड्यासारखं नेसलेली की मधल्या? नथ की नुसती फुली? पाटी डोक्यावर की कमरेवर? बाहेरच्या माणसाला या सगळ्या बायका सारख्याच दिसतात. आमच्याकडे नुसता पदर बघून सांगतात, ही कुणाच्या घरची, आणि सासूशी तिचं पटतं की नाही.

मी तेव्हा पालिकेत लिपिक. सभांचं इतिवृत्त, आवक-जावक आणि जन्ममृत्यूच्या वह्या माझ्याकडे. पंधरा-सोळा वर्षं वह्या लिहिल्या की माणसंही वहीसारखी दिसायला लागतात. पुढे नाव, मग वय, मग पत्ता, आणि अगदी कडेला शेऱ्याचा रकाना. खरं माणूस बहुधा त्या शेऱ्यात सापडतं. हाशा तांडेलचा शेरा मी मनात असा लिहिला होता: वरच्या पाड्याच्या गावकीचा पुढारी, पालिकेचा सभासद, भांडण करताना आवाज न चढवणारा, म्हणून जिंकणारा.

चेहऱ्यावरून तर हातघाईच व्हायची वेळ आली. सात हजारांच्या बेटावर कुणाचाच नाही असा चेहरा कुठून आणायचा? शेवटी हाशानेच तोडगा मांडला, आणि मी तो कार्यालयीन भाषेत उतरवला. ठराव क्रमांक चौदा: शिल्पातील स्त्रीचा चेहरा वरच्या, मधल्या अथवा खालच्या पाड्यातील कोणाही बाईचा नसावा, तथापि ती करंगूळचीच असावी.

सगळ्यांनी सह्या केल्या. सगळ्यांना वाटलं आपणच जिंकलो.

वायंगणकर म्हणून एक शिल्पकार आले होते. अंगाने किरकोळ, हात मात्र नांगर उचलणाऱ्याचे. बर्फाची जुनी कोठी त्यांना कामाला दिली होती. त्यांनी ठराव दोनदा वाचला आणि कागद माझ्या टेबलावर ठेवला.

"पाड्यातली नको, आणि इथलीच हवी. भाऊसाहेब, अशी बाई असते का हो?"

"धक्क्याच्या टोकाला शेवटच्या खांबापाशी एक सुका जवळा घेऊन बसते," मी म्हटलं. "बोलून बघा. गर्दी नसेल. बोलणारे तुम्ही एकटेच असाल."

ती मथूबाय केणी. वरच्या पाड्यातली, म्हणजे एके काळची. आठ वर्षांपूर्वी ऐन आषाढात तिचा नवरा गोमा दर्यात गेला. आषाढात दर्या बंद असतो. नारळी पुनवेला नारळ सोडल्याशिवाय होडी काढायची नाही हा गावकीचा नियम, आणि सरकारचाही. मथूबाय म्हणत होती, हाशाने चोरून होडी काढली आणि गोमाला बरोबर नेलं. हाशा म्हणत होता, होडी नांगरावर होती, गोमा पिऊन तिच्यात झोपला होता, वादळात नांगर तुटला. आमच्या मृत्यूच्या वहीत हाशाचं म्हणणं लिहिलं गेलं. मथूबाय पलीकडे पोलिसांत गेली. त्या वर्षी तिन्ही पाड्यांच्या होड्या चोरून जात होत्या, म्हणजे एकाचं नाव निघालं असतं तर सगळ्यांचं निघालं असतं. तिन्ही पाडे तोपर्यंत कधी एक झाले नव्हते, ते तेव्हा झाले. पाड्याच्या यादीतून मथूबायचं घर काढलं. तिच्याशी कुणी बोलायचं नाही. बोलेल तो तिच्याच वाटेला.

बेटावर वाळीत टाकणं म्हणजे काय हे मुलखावरच्या माणसाला समजायचं नाही. तिथे माणूस निदान शेजारच्या गावी जाऊ शकतो. इथे चारी बाजूंनी पाणी, आणि होड्या सगळ्या गावकीच्या. लाँच सरकारी म्हणून मथूबायला तिकीट मिळायचं, पण तिकीटवाला तिकीट फाडून खिडकीच्या कडेला ठेवायचा आणि दुसरीकडे बघायचा.

तिला काय हवं होतं ते मला पाठ होतं, कारण दर श्रावणात पहिल्या सोमवारी ती अर्ज घेऊन माझ्यासमोर उभी राहायची. कोळणी कलेक्टरलाही तू म्हणतात, मी कोण लागून गेलो.

"भाऊसाब, तेवडं खोड. 'पिऊन झोपला होता' तेवडं. गोमा कदी प्यायला नाय. कामावर मेला तो."

"अर्ज घेतला, मथूबाय. वर पाठवतो."

"वर म्हंजे कुटं?"

"वर."

ती मान उचलून छताकडे बघायची. "वर तर पाली हायत."

मी शिक्का मारायचो, आवक क्रमांक द्यायचो. आठ वर्षांत आठ क्रमांक. ऑफिसात तिच्याशी बोलावंच लागे, तेवढं मी बोलायचो. बाहेर धक्क्यावर दिसली तर मी गावकीचा नसूनही लाँच बघत राहायचो.

वायंगणकरांनी तिला कोठीत आणलं. पहिले दोन दिवस ती गप्प बसली आणि तिसऱ्या दिवशी जी सुरू झाली ती थांबेना. मी मापाचा कागद सही करायला गेलो तर बाहेरूनच ऐकू येत होतं.

"मान जरा वर," वायंगणकर मातीवर अंगठा फिरवत म्हणत होते. "दर्याकडे बघा. कोळीण म्हणजे दर्याकडे नजर लावलेली."

"कुनी सांगितलं तुना? कोलीन दर्याकडं बघत नाय. कोलीन गिऱ्हाइकाकडं बघते. तो किती देनार आनि किती घासाघीस करनार, ते."

"बरं, मग गिऱ्हाइकाकडे बघा."

"हां. आता तू गिऱ्हाईक." तिने एक भुवई जराशी वर नेली. वायंगणकरांचा अंगठा थांबला. मग त्यांनी मातीतला अख्खा डोळा पुसून टाकला आणि पहिल्यापासून करायला घेतला.

"दमत नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नुस्तं बसायचं काम. आठ वरसं तेच करतंय."

मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "भाऊसाब, याचं डोकं बनवून झालं की माज्या अर्जाचं बग."

मी सही केली आणि बाहेर पडलो.

मातीवरून काळ्या दगडात उतरवायला सात महिने गेले. कोठीच्या दाराला गोणपाट होतं आणि आत जायची कुणाला परवानगी नव्हती. नवल म्हणजे कुणाला चौकशीही करावीशी वाटली नाही. ठराव झाला होता, पाटीवर फडकं होतं, नेसण तिन्ही पाड्यांच्या मधली काहीतरी होती. प्रत्येक पाड्याला एकच खात्री हवी होती, की दुसऱ्याची बाई नाही.

पावसाळा संपता संपता उद्घाटन झालं. पलीकडून पाहुणे आले, त्यांनी दोरी ओढली, पडदा पडला आणि टाळ्या एकट्या पाहुण्यांच्याच वाजल्या. मग त्याही थांबल्या.

धक्क्यावर लाँच लागते तिथेच समोर ती उभी होती. पाटी कमरेवर, एक भुवई जराशी वर. पलीकडून उतरणाऱ्या प्रत्येकाला ती भाव सांगायच्या बेतात होती. खरी मथूबाय शेवटच्या खांबापाशी बसून जवळा निवडत होती, तिने मानसुद्धा वर केली नाही.

"फार जिवंत आहे हो," पाहुणे म्हणाले. "कुणावरून केलाय?"

नगराध्यक्षांनी पाहुण्यांना चहाकडे वळवलं.

दुसऱ्या दिवशी तातडीची सभा. हाशाने नेहमीसारखा आवाज चढवला नाही.

"चेहरा मथूचा हाय. बदला."

वायंगणकर म्हणाले, "दगडाचं कमी करता येतं, वाढवता येत नाही. आणि नाक आधीच बसकं आहे."

खालच्या पाड्याच्या सभासदांना खोकला आला. नगराध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी ठराव क्रमांक चौदा वाचला, शेवटच्या सह्यांसकट.

"मथूबाय कुठल्या पाड्यातली?" मी विचारलं.

"कुठल्याच नाय. नाव काढलंय."

"मग ठरावाप्रमाणेच आहे."

हाशा माझ्याकडे वळला. "आनि मी बोललो की ती वरच्या पाड्यातली हाय, तर?"

"तर ठरावाविरुद्ध आहे. चेहरा काढून टाकू. फक्त ती वरच्या पाड्यातली आहे असं तुम्ही म्हणालात, हे इतिवृत्तात घ्यावं लागेल." मी पेनाचं टोपण काढलं.

हाशा पेनाच्या टोकाकडे बघत होता. मथू पाड्यातली आहे असं एकदा लिहिलं गेलं की आठ वर्षांचं वाळीत टाकणं त्याच्याच तोंडाने संपत होतं.

"दगड तर हाय," तो शेवटी म्हणाला. "राहू दे."

"एकमताने?"

"लिव."

सभा संपल्यावर नगराध्यक्षांनी मला जिन्यात गाठलं. "तुम्ही हे मुद्दाम केलंत का हो?"

"मी नुसता लिहिला, साहेब. मांडला त्यांनी."

ते हसले. मीही हसलो. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो. गावकीला गावकीच्याच दोरीने बांधलं, आणि मला कुणी काही म्हणू शकत नव्हतं. आयुष्यात मला आवडलेल्या बहुतेक गोष्टी अशाच होत्या, ज्यांच्याबद्दल मला कुणी काही म्हणू शकत नव्हतं.

पुढे जे झालं ते मात्र कुठल्या ठरावात नव्हतं.

मधल्या पाड्याची धर्मीबाय रोज सकाळच्या लाँचने मासे घेऊन पलीकडच्या बाजारात जायची. एके काळी ती आणि मथूबाय शेजारी शेजारी बसून विकायच्या, एकीचं गिऱ्हाईक दुसरी पळवायची आणि परतताना एकाच पानातला विडा खायच्या. आठ वर्षांत दोघींत एक शब्द नव्हता. त्या दिवशी लाँच उशिरा होती. धर्मीने पाटी उतरवली, पुतळ्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि मोठ्याने म्हणाली,

"काय गं मथे, किती काली पडलीस."

दहा पावलांवर मथूबायचा हात जवळ्यात थांबला.

"जरा तुज्या पायाशी पाटी ठेवतंय," धर्मी दगडाला म्हणाली. "मी पानी पिऊन येतंय. नजर ठेव, मांजर हाय."

मग मथूबाय हातातल्या जवळ्याला म्हणाली, "जा. कोन नेत नाय."

दुसऱ्या दिवशी धर्मीबरोबर आणखी दोघी होत्या. दसऱ्यापर्यंत लाँचची वाट बघणारी प्रत्येक बाई पुतळ्यापाशी थांबायला लागली. दगडाला आठ वर्षांचं सगळं सांगायचं राहिलं होतं.

"मथे, माजी धाकली बालंत झाली गं. दुसरी मुलगीच."

"मथे, सासू गेली माजी. शेवटी तुज्या हातचा जवला मागत होती."

आणि मथूबाय उत्तरं द्यायची. कधी जवळ्याला, कधी खांबावर बसलेल्या कावळ्याला, कधी लाँचच्या दोराला. "मुलगी बरी. मुलगा होडीवर जातो," असं ती कावळ्याला सांगायची. बोलणं दोन्हीकडून चाललं होतं, फक्त कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

गावकी बसली. बायका पुतळ्याशी बोलतात, त्याचं काय करायचं? एकाने म्हटलं, त्यांनाही मथूच्याच वाटेला लावा. वरच्या पाड्याचा सगळ्यांत म्हातारा नाखवा म्हणाला, "देवळात ज्याच्याशी बोलतो तो बी दगडच हाय. उद्या ते बी बंद करशील?" विषय तिथेच मिटला. हाशा आताशा धक्क्यावरून न जाता मागच्या वाळूतून जात होता.

फाल्गुनात त्याने नवी होडी बांधली.

आमच्याकडे नवी होडी पाण्याला लावायच्या आधी मालक पाड्यातल्या प्रत्येक दारी जातो. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणतो, "दर्यावर जातंव, मनात काय ठेवू नका." घरातली बाई म्हणते, "जा, सुखानं ये." एखाद्या घराशी भांडण असेल तर ते तिथेच काढायचं, बोलायचं आणि मिटवायचं. एक दार जरी राहिलं तरी त्या होडीवर खलाशी चढत नाहीत. हाशाने वरच्या पाड्याची सगळी दारं घेतली. मथूबायचं दार यादीत नव्हतं, म्हणून घ्यायचं कारण नव्हतं. होडीला हार घातले, आणि खलाशी वाळूत बसून राहिले.

"काय झालं?" हाशाने विचारलं.

"एक दार राहिलंय, तांडेल," त्यातला एक म्हणाला. कुठलं, ते त्याने सांगितलं नाही.

त्या दिवशी मी जिल्ह्याला कागद न्यायला निघालो होतो. भर दुपार. वाऱ्यामुळे लाँच पलीकडेच अडकली होती. धक्क्यावर मी, धर्मीबाय आणि मधल्या पाड्याच्या तिघी-चौघी. मथूबाय खांबापाशी होती. हाशा नारळ घेऊन आला, पुतळ्यासमोर उभा राहिला, चपला काढल्या.

"दर्यावर जातंव," तो दगडाला म्हणाला. "मनात काय ठेवू नको."

दगड काही बोलला नाही. मथूबायही नाही. ती जवळा निवडत होती.

हाशा थांबला. पुन्हा म्हणाला. पुन्हा तेच.

"तिच्या मनात काय हाय ते तुना ठावं हाय," धर्मीबाय म्हणाली. "ते बोल आदी."

हाशाने नारळ या हातातून त्या हातात घेतला. मी त्याला पंधरा-सोळा वर्षं सभांमध्ये ऐकत होतो. शब्द शोधताना तो मला पहिल्यांदाच दिसला.

"नांगर तुटला नवता," तो म्हणाला. "होडी मी काढली. मी, माजा भाव आनि गोमा. तिघं गेलो, दोघं आलो. गोमा नको बोलत होता. मी बोललो, एक फेरी. जालं ओढता ओढता गेला. प्यायला नवता. माज्या होडीवर कोन पीत नाय."

वाऱ्याने धर्मीच्या पाटीवरचं फडकं उडत होतं, ते तिने हाताने दाबून धरलं.

"दर्यावर जातंव," हाशा तिसऱ्यांदा म्हणाला. "मनात काय ठेवू नको."

मथूबायने ओंजळभर जवळा उचलला, परत खाली सोडला. जवळ्याकडेच बघत म्हणाली, "जा. सुखानं ये."

हाशाने नारळ पुतळ्याच्या पायाशी ठेवला आणि चपला हातात घेऊनच गेला.

मला वाटलं, संपलं. डोळ्यांत पाणीही आलं होतं, आणि ते आल्याचं मला बरंही वाटत होतं. तेवढ्यात मथूबायने मान वळवली. दगडाकडे नाही, कावळ्याकडे नाही. माझ्याकडे.

"भाऊसाब. आयकलास?"

"ऐकलं."

"मंग लिव."

"असं लिहिता येत नाही, मथूबाय. तो दगडाशी बोलला. दगडाशी बोललेलं जबाबात धरत नाहीत. त्यानं ऑफिसात यायला हवं, लेखी द्यायला हवं."

"त्यानं त्याचं केलं. मी तुना सांगतंय."

"माझा काय संबंध?"

हे मी अगदी सहज विचारलं. आठ वर्षं मी ते स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की त्याला धारच राहिली नव्हती.

"त्या दिवशी मी हापिसाच्या दारात हुबी होती," ती म्हणाली. "आत हाशा बोलत होता आनि तू लिवत होतास. तो बोलला, पिऊन झोपला होता. तू वर बघितलंस. मना बघितलंस. मंग खाली बघून लिवलंस."

धर्मीबाय आणि इतर बायका माझ्याकडे बघत होत्या. त्या दिवशी दारात कुणी होतं, हे मी विसरलो नव्हतो. मी एवढंच धरून चाललो होतो, की हिला वाचता येत नाही, तेव्हा कुणी लिहिलं हेही कळलं नसेल. गोमा पीत नाही हे मला माहीत होतं. सगळ्या बेटाला माहीत होतं. मी तेव्हा हंगामी होतो, हाशा नेमणुकीच्या समितीवर होता आणि पुढच्याच महिन्यात मी कायम झालो. कुणी मला धमकावलं नव्हतं. हाशाने तर माझ्याकडे बघितलंही नव्हतं. त्याने सांगितलं, आणि मी शेरा लिहिला.

"मग दर वर्षी माझ्याकडेच अर्ज का आणलास?" मी विचारलं. "साहेबांकडे जायचंस. कलेक्टरकडे जायचंस."

"अर्ज हापिसाला नवता," मथूबाय म्हणाली. "तुना होता."

लाँच आली, लागली, माणसं चढली. मी चढलो नाही. ऑफिसात परत गेलो, कोरा कागद घेतला आणि लिहिलं, की सदर नोंदीतील शेरा खोटा आहे, तो खोटा असल्याचे मला लिहितेवेळी माहीत होते, आणि हस्ताक्षर माझे आहे. सही केली. माझा मीच आवक क्रमांक टाकला. माझं पत्र आता तिच्या अर्जांच्या रांगेत होतं.

चौकशी वर्षभर चालली. पलीकडून आलेल्या साहेबांनी हाशाला बोलावलं तेव्हा तो आला आणि "भाऊसाब लिवतो ते खरं" एवढं सांगून सही करून गेला. त्याला जे भोगायचं ते त्याने भोगलं. माझी वेतनवाढ थांबली आणि बढती कायमची गेली. लिपिक म्हणून लागलो, लिपिक म्हणूनच निवृत्त झालो. बायको पुष्कळ दिवस म्हणायची, गप्प बसला असतात तर कुणी विचारलं नसतं. ते खरंच होतं.

दुरुस्तीचा हुकूम आला त्या दिवशी मी दाखल्याची नक्कल काढली. ती घ्यायला मथूबायने ऑफिसात यावं असा नियम होता. मी ती घेऊन धक्क्यावर गेलो. ती खांबापाशीच होती. मी शेजारी खाली बसलो.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. नाव, वय, गाव. मृत्यूचं कारण: मासेमारी करीत असताना समुद्रात बुडून.

"'झोपला' गेलं?"

"गेलं."

"'पिऊन'?"

"तेही."

तिने कागद हातात घेतला आणि उलटा-सुलटा बघितला. "यात तुजं नाव कुटं हाय?"

"खाली. 'नक्कल करणार' म्हणून सही असते." मी बोट ठेवलं.

माझं बोट काढून तिने स्वतःचं ठेवलं. "आदीचं बी याच हातानं?"

"याच हाताने."

लाँच धक्क्याला लागत होती. दोर टाकला, फळी टाकली, माणसं उतरायला लागली. धर्मीबाय रिकामी पाटी घेऊन पुढे होती, मागे वरच्या पाड्याची चार माणसं, तिकीटवाला, शाळेचे मास्तर. मथूबायने कागद माझ्याकडे परत दिला.

"आता हुबा ऱ्हाऊन वाच. जरा मोठ्यानं."

मी उभा राहिलो. एवढी वर्षं इतिवृत्तं वाचली होती, पण ती सगळी खोलीत बसून. कसाबसा नावापर्यंत आलो. उतरणारी माणसं थांबत होती, वाट अडली म्हणून मागची पुढच्यांना ढकलत होती. धर्मीबाय पुतळ्याच्या पुढून आली, त्याच्याकडे बघितलंही नाही, आणि सरळ खांबापाशी येऊन पाटी खाली ठेवली.

"काय लिवलंय गं, मथे?"

"आयक," मथूबाय तिला म्हणाली, आणि सरकून तिला बसायला जागा केली. "भाऊसाब, पयल्यापासून."

मी पहिल्यापासून सुरुवात केली.